लाडू फुटला पाहिजे

आमचे घरमालक कधी कुणाला 'हॅलो' म्हणाले नाहीत. फोन उचलला, दार उघडलं, दुकानात कुणी भेटलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच, "पाणी दिलं का?" मी खोली बघायला पहिल्यांदा त्यांचं दार वाजवलं तेव्हाही हाच प्रश्न आला. मला वाटलं, माणूस अगत्यशील आहे, आल्या आल्या पाण्याचं विचारतोय. मी म्हटलं, "नको काका, गाडीतच प्यायलो." त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुले नाही बे. ओठाले."

ही २००४ सालची गोष्ट. मिशिगनमध्ये, नोव्हाय शहराच्या जरा पलीकडे, एका छोट्या गावात त्यांचं बैठं विटांचं घर होतं. मी पुण्याहून आलेला, कारच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. दिवसभर कॉम्प्युटरवर गाड्या भिंतीवर आपटायच्या आणि सीटचं काय होतं ते पाहायचं, हे माझं काम. खरी गाडी मी कधी आपटली नव्हती. खरं सांगायचं तर हायवेवर डावीकडच्या लेनमध्ये जायलाही मी घाबरत असे.

'ओठ' म्हणजे काय ते त्यांनी मला बूट न काढू देता मागच्या दारानं नेऊन दाखवलं. घरामागे त्यांची दीड एकर जागा होती. ओक आणि मेपलची झाडं, आणि त्या झाडांमधून मातीचे उंचवटे जोडीजोडीनं उभे. एका उंचवट्यावरून सायकलवाल्यानं उडायचं, मधली मोकळी जागा हवेतून पार करायची आणि समोरच्याच्या उतारावर उतरायचं. त्या वेगात लगेच पुढची जोडी. सायकली बीएमएक्स, म्हणजे वीस इंची चाकांच्या, पोरांच्या वाटाव्यात एवढ्याशा. पण त्यांच्यावर बसणारे चांगले दाढीवाले बाप्ये. कुणी छपरं घालणारा, कुणी पिझ्झा पोचवणारा, एक जण तर कवळ्या बनवणारा. उडी जिथून सुटते त्या वरच्या कडेला ही मंडळी 'लिप' म्हणत. काकांनी त्याचा सरळ ओठ करून टाकला होता. ओठ कोरडा पडला की भेगाळतो, भेगाळला की चाकाखाली ढासळतो, म्हणून त्याला रोज पाणी. पाऊस आला तर उलट, वाहून जाऊ नये म्हणून ताडपत्री. काकांचं तत्त्वज्ञान इथं सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा इथंच संपायचं.

काका मूळचे नागपूरचे. वय साठीच्या आसपास, लग्न केलेलं नाही. विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगत, जसं काही दूध आणायचं राहून गेलं. तीस वर्षं एका कारखान्यात पत्रा दाबायचे साचे बनवण्यात घालवली आणि अमेरिकेत इतकी वर्षं राहूनही बोलण्यातलं नागपूर तसूभर हललं नव्हतं. इंग्रजी बोलत तेही नागपुरी चालीवर. वडील कामठीजवळच्या एका वीटभट्टीवर मुकादम होते. मातीचं जे काही ज्ञान होतं ते तिथलं.

सायकलवाल्यांशी त्यांची ओळख भांडणातून झाली होती. मी येण्याच्या आधी चारेक वर्षं, ही पोरं न विचारता त्यांच्या झाडीत शिरून उंचवटे रचत होती. काका हाकलायला म्हणून फावडं घेऊन गेले. जाऊन पाहतात तर पोरांनी कोरडी माती नुसती ढीग घालून थोपटलेली. काकांना त्या घुसखोरीपेक्षा त्या थोपटण्याचा राग आला. "असं थोपटतेत का बे? भाकर आहे का ते?" असं त्यांनी कुठल्या भाषेत विचारलं देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत सगळा ढीग मोडून, भिजवून, थराथरानं ठोकून पुन्हा उभा केला होता. हाकलायचं राहून गेलं.

तेव्हापासून ती पोरं त्यांना काका म्हणत. ते त्यांचं नावच आहे अशी सगळ्यांची समजूत होती. ख्रिसमसची कार्डं 'मिस्टर काका' या नावानं येत.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिली नाही. तिथं भिंतीवर सात फावडी टांगलेली होती, प्रत्येकाचं काम वेगळं. सातवं, रुंद सपाट पात्याचं, ओठावरून शेवटचा हात फिरवायचं. त्याला काकांखेरीज कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी काम संपलं की काका आधी फावडी धुवत, मग स्वतः आंघोळ करत. लाकडी दांड्यांना तेल लावत, तेही दिवाळीत चकल्या तळून उरलेलं. त्यामुळे आमच्या गॅरेजला बारा महिने चकलीचा वास येई आणि कवळ्या बनवणारा तो गडी दर वेळी आत येऊन विचारी, "काका, समथिंग कुकिंग?"

माती बरोबर भिजली आहे की नाही, हे ते लाडू वळून ठरवत. मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. भुगा झाला तर पाणी कमी. चपटा होऊन बसला तर पाणी जास्त. दोन-तीन तुकडे झाले तर उत्तम. "लाडू फुटला पाहिजे," ते म्हणत, "पण समजुतीनं फुटला पाहिजे." मी त्यांना एकदा सांगितलं की यासाठी लॅबमध्ये टेस्ट असते, त्यातून आकडा मिळतो. काका म्हणाले, "हौ ना. आकडा घे, पाण्यात टाक, आन् पी." अमेरिकन पोरं मात्र श्रद्धेनं लाडू वळत. "काका, लाडू इज गुड!" अशी आरोळी झाडीतून आली की काका मान डोलावत.

आणि नियम एकच होता. झाडीच्या तोंडाशी एक फळी ठोकली होती. तिच्यावर अक्षर नाही, नुसती चित्रं. आधी फावडं, मग बाण, मग सायकल. ज्यानं खणलं नाही त्यानं उडायचं नाही. हा नियम तसा त्या पोरांच्या जगात सगळीकडेच असतो, पण काकांनी तो अंगणाबाहेरही लागू केला होता. एकदा आमच्या मराठी मंडळाचे एक पदाधिकारी, सिल्कचा झब्बा घालून, काकांना कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला आले. उंचवटे पाहून म्हणाले, "वा वा, जरा वर चढून फोटो काढू का?" काकांनी त्यांच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या दिल्या. ते गृहस्थ चार खेपा घालून, झब्ब्याची पार वाट लावून, मगच फोटोपर्यंत पोचले. काका त्या कार्यक्रमाला गेले नाहीत ते नाहीतच.

मीही महिनाभर खणलं. ऑफिसातून यायचं, टाय सोडायचा, फावडं घ्यायचं. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले तेव्हा काकांनी पाहून समाधानानं सांगितलं, "आता पुणेकराचे हात हातासारखे दिसून राहिले." महिन्यानं मला सगळ्यात लहान जोडीवरून उडायची परवानगी मिळाली. टायलर नावाच्या, छपरं घालणाऱ्या पोरानं आपली सायकल दिली. मी डोळे अर्धे मिटून सुटलो. हवेत फार तर फूटभर गेलो असेन, पण उतरलो तो सायकलसकट उभा. पोरांनी ओरडून झाडी डोक्यावर घेतली. मी वळून काकांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडे पाठ करून उभे.

"काका, पाहिलंत का?"

"नाही."

"अहो, का?"

"मले भेव लागते," ते म्हणाले. अगदी सरळ, बटाटे महागले म्हणावं तसं. "कुणी पहिल्यांदा उडून राहिला की मी पाहतच नाही. आवाजावरून समजते ना उतरला का पडला ते."

"मग एवढे मोठाले उंचवटे बांधता कशाला?"

"भेव लागते म्हणूनच तर मी बांधतो. ज्याले भेव नाही त्याच्या हातचं मी कुणाले वापरू देणार नाही बाप्पा."

मी जन्मभर भित्रा म्हणून चेष्टा ऐकत आलेला माणूस. भीतीचाही काही उपयोग असू शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात काकांना सहा आठवडे नागपूरला जावं लागलं. बहिणीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना बागेच्या नळाची पाइप माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "रोज पाणी. पाऊस आला की ताडपत्री. बाकी काही करू नको."

"काका, डोन्ट वरी. मी मॅनेज करतो."

"मॅनेज नको करू. पाणी दे."

तीन आठवडे मी इमानानं पाणी दिलं. मग कंटाळा आला. सकाळी थंडीत पाइप धरून उभं राहायचं, पाणी पाठीवर उडायचं, आणि उद्या पुन्हा तेच. माझ्या मनात सारखं यायचं, हे एकदाच पक्कं का करून टाकत नाहीत? आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं ना, कच्चं घर म्हणजे गरिबी, पक्कं म्हणजे प्रगती. माझं तर तेव्हा आयुष्यच त्या एका शब्दाला टांगलेलं होतं. व्हिसा कच्चा, ग्रीन कार्ड पक्कं, आणि ते कंपनीच्या हातात.

अशात एका शनिवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. दुपारी ढग भरून आलेले मला दिसले होते. ताडपत्री घालायला दहा मिनिटं लागली असती. मी उशीर होतो म्हणून निघून गेलो. फराळ चालू असताना पाऊस कोसळला आणि मी चिवडा खात खिडकीतून तो पाहत राहिलो. सकाळी जाऊन पाहिलं तर सगळ्यात मोठ्या जोडीचा ओठ वाहून गेला होता. त्याच्यामागे काकांचा एक अख्खा उन्हाळा होता.

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. पोरांना फोन करायचा, सांगायचं, मिळून बांधायचं. मी गेलो हार्डवेअरच्या दुकानात आणि सिमेंटच्या दोन गोण्या आणल्या. ओठ सिमेंट कालवलेल्या मातीनं नव्यानं घडवला, वरून साध्या मातीचा हात फिरवला, आणि तो आधीपेक्षा देखणा दिसायला लागला तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं. आता पाण्याची कटकट नाही. इंजिनियर माणूस म्हणतात तो उगाच नाही.

काका परतले त्या आठवड्यात बर्फ पडला. सगळं पांढऱ्याखाली झाकलं गेलं ते मार्चअखेरपर्यंत. त्यांनी मला नागपूरची संत्र्याची बर्फी दिली आणि विचारलं, "पाणी दिलं?" मी म्हटलं, "हो काका."

एप्रिलमधल्या पहिल्या कोरड्या शनिवारी पोरं जमली. आत काय झालं होतं ते मला नंतर समजलं. गोठताना आतली माती फुगली, बर्फ वितळताना बसली, आणि वरचा सिमेंटचा पापुद्रा पोकळीवर तसाच राहिला. साधी माती असती तर भेगाळली असती आणि काकांना आधीच दिसली असती. माझ्या सिमेंटनं आतलं सगळं झाकून ठेवलं. टायलर पूर्ण वेगात आला आणि ओठाचा परातीएवढा तुकडा त्याच्या मागच्या चाकाखाली निखळला. काका पाठ करून उभे नव्हते. टायलर शेकडो वेळा उडालेला, त्याची कसली भीती? त्यांनी सगळं पाहिलं.

टायलरच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. अँब्युलन्स आली, मागच्या नव्या वसाहतीतले लोक कुंपणाशी जमले, आणि सोमवारी तक्रारीवरून गावच्या ऑफिसातून इन्स्पेक्टर आला. उंच, शांत माणूस, हातात क्लिपबोर्ड. मी आणि काका दोघंही अंगणात होतो. त्यानं मोडलेल्या ओठाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कुणी बांधलं?"

मला माझा व्हिसा दिसला, कंपनी दिसली, पोलीस दिसले.

"मी," काका म्हणाले. "या अंगणात जे आहे ते सगळं मीच बांधलं."

तो गेल्यावर काकांनी निखळलेल्या तुकड्यांतला मुठीएवढा, गोलसर असा एक तुकडा उचलला. कमरेच्या उंचीवरून सोडला. तो दगडासारखा ठप्प आवाज करून पडला आणि तसाच राहिला. काकांनी तो उचलून खिशात टाकला, स्वयंपाकघरात नेऊन खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवला आणि फावडी धुवायला गेले. मला एक शब्द बोलले नाहीत.

असे तीन दिवस गेले. ते रोजच्यासारखं वरण लावत, रोजच्यासारखं मला वाढत. ओरडले असते तर मी काहीतरी सबब सांगितली असती. बिनबोलता वाढलेलं वरण मी पानात तसंच ठेवून उठायचो. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पोहे केले, वर लालभडक तर्री घातली आणि बशी माझ्यापुढे सरकवली. मी चमचा खाली ठेवला.

"काका, ते सिमेंट मी घातलं होतं. पावसाच्या दिवशी ताडपत्री घातली नाही, ओठ वाहून गेला. तुम्हाला कळू नये म्हणून."

"माहीत आहे. लाडू फुटला नाही तेव्हाच समजलं."

"मी घाबरलो होतो."

"कायले?"

"तुम्हाला काय वाटेल, याला."

काकांनी थोडा वेळ पोहे चावले. मग म्हणाले, "भेव धरलं ते चांगलंच केलं. पण चुकीच्या माणसाचं धरलं. माझं कायले धरतो बे? जो उडणार आहे त्याचं धर."

मी रडलो. पोह्यांतल्या तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं असं तेव्हा भासवलं, आता खोटं कशाला सांगू?

"आन् मले सांगून काही उपयोग नाही," ते म्हणाले. "मोडलं ते माझं हाड नाही. शनिवारी पोट्टे येतील, त्यायले सांग."

शनिवार दोनच दिवसांवर होता, पण ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दोन दिवस ठरले. पळून जायचाही विचार आला. चँडलर नावाच्या लांबच्या गावी एक मित्र होता, तिकडे नोकरी बघ म्हणून मागे लागलेला. पण शनिवारी मी झाडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. टायलर झोळीत हात अडकवून ओंडक्यावर बसला होता. काका लांब, सातव्या फावड्याला तेल लावत होते आणि यावेळी पाठ करूनच उभे होते.

शेवटी टायलर म्हणाला, "सहा आठवडे मी छपरावर चढू शकत नाही. तुला माहीत आहे ना?"

"हो."

"बोर्ड वाचता येतो?"

मी फळीकडे पाहिलं. फावडं, बाण, सायकल.

"मग उभा काय आहेस," तो म्हणाला. "खण."

तो माझ्याशी त्यानंतर महिनाभर याहून जास्त बोलला नाही. तो त्याचा हक्क होता.

इन्स्पेक्टरचं पत्र आलं. परवानगीशिवाय जमिनीपासून तीन फुटांहून उंच ढिगारा ठेवता येणार नाही, तीस दिवसांत काढा. आमचे उंचवटे छातीएवढे होते. पाच-सहा वर्षांचं काम संपलं, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. माझ्या दोन गोण्यांनी ते संपवलं होतं आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. काकांनी मात्र पत्र चष्मा लावून तीनदा वाचलं, एखाद्या साच्याचं ड्रॉइंग वाचावं तसं. मग म्हणाले, "वर तीन फूट लिहिलं आहे. खाली किती, ते कुठं लिहिलं आहे?"

त्यांनी ऑफिसात फोन करून तोच प्रश्न त्यांच्या इंग्रजीत विचारला. पलीकडच्या माणसानं नियम चाळले आणि सांगितलं की पाणी शेजाऱ्यांकडे जाऊ दिलं नाही तर खाली त्याची हरकत नाही.

मग तो उन्हाळाभर आम्ही खाली खणलं. उंचवटे तीन फुटांवर कापले आणि मधल्या जागा, वाटा, वळणं सगळं जमिनीत उतरवलं. उडी तेवढीच राहिली, फक्त जमिनीऐवजी पाताळातून सुरू व्हायला लागली. मी ऑफिस सुटल्यावर रोज आणि शनिवार-रविवार अख्खा दिवस खणत होतो. खड्ड्यांत पाणी साठणार हे दिसताच काका माझ्याकडे वळले, "पुणेकर, आता काढ तुझं कॉम्प्युटर. हे पाणी कुठं जाईल ते सांग." मी उतार मोजले, चर आखले, खडीनं भरलेला शोषखड्डा काढून दिला. काकांनी माझा कागद फ्रीजवर लावला. पुढच्या मोठ्या पावसात चर चालले. टायलर खड्ड्याच्या काठावर बसून ते पाणी जाताना पाहत होता. पाणी ओसरल्यावर म्हणाला, "नॉट बॅड." मी त्या दोन शब्दांवर पुढचा आठवडा काढला.

ऑफिसातही माझ्यात काहीतरी बदललं. रिपोर्टवर सही करण्याआधी मी त्या सीटवर कोण बसणार आहे, याचा विचार करायला लागलो. कुणी आई, कुणी आजोबा, कुणी टायलर. शंका असली तर कॉम्प्युटरवर गाडी पुन्हा आपटून बघायचो, उशीर झाला तर बोलणी खायचो. आज लोक मला कामात काटेकोर म्हणतात. तो काटेकोरपणा कुठल्या कॉलेजातून आलेला नाही, तो त्या अंगणातून आला आहे, आणि हे मी काकांना तोंडावर कधी सांगितलं नाही याची मला आजही चुटपुट लागते.

ऑक्टोबर आला. बहिणीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणजे पुन्हा सहा आठवडे.

निघायच्या आदल्या शनिवारी सगळी मंडळी जमली होती. या वेळी पाइप टायलरकडे जाणार हे मी गृहीत धरलं होतं, टायलरनंही धरलं असावं. काका गॅरेजमधून बाहेर आले. हातात सातवं फावडं. सगळ्यांच्या समोरून चालत माझ्यापाशी आले आणि ते माझ्या हातात दिलं. पाइप नाही, फावडं. दांडा तेलानं गुळगुळीत होता.

"काका, मला नको," मी म्हटलं. "टायलरला द्या. माझ्या हातून एकदा झालंय."

"म्हणूनच," काका म्हणाले. "त्याच्या हातून अजून व्हायचं आहे."

टायलरनं माझ्याकडून याचं भाषांतर करून मागितलं. मी सांगितलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "हौ काका."

ते सहा आठवडे मी रोज साडेपाचला उठलो. पाणी दिलं, हात फिरवला, लाडू सोडून पाहिले. दिवाळीच्या कार्यक्रमात या वर्षीही ढग आले. मी अनारसा हातात घेऊनच निघालो आणि पहिला थेंब पडायच्या आत ताडपत्र्या अंथरल्या. ताडपत्रीच्या कोपऱ्यावर वजन म्हणून तो सिमेंटचा लाडू ठेवला होता. काकांनी उन्हाळ्यात तो खिडकीतून काढून याच कामाला लावला होता. "तुझा पक्का लाडू," ते म्हणाले होते, "फुटत नाही तर नाही, वजन तर आहे."

काका परतले त्या दिवशी मी त्यांना विमानतळावरून घरी आणलं. वीस तासांचा प्रवास झालेला, डोळे लाल, अंगावर इस्त्रीचा शर्ट. घरात न शिरता, बॅग गाडीतच ठेवून, ते तसेच मागे गेले. सगळ्यात मोठ्या जोडीपाशी जाऊन ताडपत्री बाजूला केली. ओठावरून तळवा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग खालची मूठभर माती घेतली, लाडू वळला आणि सोडला.

मी पाठ करून उभा राहिलो. मला पाहवेना.

बारीक, ओलसर आवाज आला. मी वळलो. तीन तुकडे.

काका स्वयंपाकघरात गेले, मी मागोमाग. वास्तविक प्रवासाहून आलेले ते, पाणी मी द्यायचं. पण त्यांनी फडताळातून पितळी पेला काढला, नळाखाली काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घे," ते म्हणाले. "तुले."

मी तो उभ्यानंच प्यायलो.